टोपीवरून फिरलेले बोट

१

ऑक्टोबरातील अखेरच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मायलो हेगलंडची रायफल त्याच्या गालाशी फुटली.

तो आवाज चुकीचा आहे हे आम्हा सर्वांना तत्क्षणी कळले. रायफलचा आवाज पुढे धावत जातो. हा मागे आला. कापणी झालेल्या गव्हाच्या शेताकडेला, अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या उत्तर सीमेवरील त्या उघड्या वाऱ्यात, आम्ही बारा जण वर्षातील शेवटच्या स्पर्धेसाठी जमलो होतो. स्पर्धा स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांची. बहुतेकांच्या रायफली संथ, एकेक काडतूस हाताने भरायच्या. मायलोची तेवढी जुनी सैनिकी रायफल: आठ काडतुसे एकदम गिळणारी, आणि एक उडाले की दुसरे आपणच ओढून घेणारी. अशा रायफलीला शिशाची गोळी सोसत नाही असे जाणते सांगत. मायलोने ती तीस वर्षे सोसवली होती.

मैदानाच्या सुरक्षेचे दायित्व माझ्याकडे होते. मी धावलो. लाकडी दस्ता उभा चिरला होता आणि मायलोच्या गालातून रक्त वाहत होते. डोळा वाचला होता. दवाखाना साठ मैल लांब. मी गुरांचा निवृत्त डॉक्टर, पेटी गाडीतच असते.

"हॉलिस, गाईला घालतोस तसेच टाके घाल," तो म्हणाला. "मी लाथ मारणार नाही."

"गाई निदान गप्प उभ्या राहतात. बोलू नकोस."

दुसरा टाका पुरा होईतो तो गप्प राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "हे काडतूस माझं नाही. माझ्या डब्यात कुणीतरी सरकवलंय."

"कोण सरकवील?"

"या आठवड्यात माझ्या गोळ्यांच्या खोलीत एकच माणूस आला होता, बुधवारी."

आणि त्याने मान वळवून ड्यूई कोलस्टाडकडे पाहिले.

ड्यूई त्याचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. स्पर्धेत चाळीस वर्षे दुसरा येणारा. कॉफीचा पेला हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग त्याने पेल्यातली कॉफी गवतावर ओतली, आपली रायफल खोळीत घातली आणि निघून गेला.

२

सोमवारी मायलोची पुतणी जनीन बिलिंग्जहून आली. मी टाके पाहायला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, अंगातला कोट न काढता.

"डॉक्टर, बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीच समजवा काकांना. माझ्या घराजवळ वृद्धांची एक चांगली जागा आहे, खोली राखून ठेवलीय मी. कधीपासून सांगतेय."

"तिथे खिडकीतून काय दिसतं गं?" मायलोने विचारले.

"बाग दिसते काका."

"पार्किंग दिसतं. चित्र पाहिलंय मी."

शेगडीवरचा पत्र्याचा मग उचलून त्याने माझ्यापुढे ठेवला. मी तो धरला आणि चटका बसून खाली ठेवला. त्याने स्वतःचा मग दोन्ही तळव्यांत धरला होता आणि तो सावकाश घोट घेत होता. मला वाटले, शिसे वितळवणारा माणूस, हात निबर झाले असतील.

जनीनने मला ओसरीवर नेले. तिचा स्वर खाली आला होता. "सदऱ्याची बटणं बघा, वरची खाली लावलीयत. किल्ल्या दहादा पाडतात. बोटावर हा एवढा फोड आहे. विचारलं, कधी भाजलं? म्हणतात, आठवत नाही. काकू गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून डोकं विझत चाललंय त्यांचं. मला वाईट नाही का वाटत? पण उद्या घर पेटवलं तर?"

मायलो दारात येऊन उभा राहिला होता. त्याने सगळे ऐकले होते.

"असं करू," तो म्हणाला. "हॉलिसला शोधू दे. दुसऱ्या कुणी काडतूस घातलं असेल, तर त्याचं काय करायचं ते कायदा बघेल आणि तू मला सुखाने इथे मरू देशील. आणि माझ्या हातची चूक निघाली, तर शुक्रवारी मी स्वतः बॅग भरीन. शब्द दिला."

जनीनने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण निश्चयही होता. "शुक्रवारी दुपारी मी परत येते."

मला जे शोधायचे होते त्याच्या एका टोकाला माझ्या मित्राचे घर होते आणि दुसऱ्या टोकाला माझ्या दुसऱ्या मित्राची अब्रू. मधले काही दिसत नव्हते.

३

मंगळवारी मी गोळ्यांच्या खोलीत एकटाच बसलो.

घराच्या मागच्या अंगाला ती खोली. कोपऱ्यात शिसे वितळवायचे भांडे, शेजारी लोखंडी साचा. भिंतीशी मधमाश्यांच्या मेणाचे पिवळे गोळे. त्याचे वंगण गोळीच्या खाचांत भरायचे. एका बरणीत नखाएवढ्या तांब्याच्या वाट्या. आपण होऊन भरणारी रायफल उडालेल्या दारूचा वायू एका बारीक छिद्रातून घेऊन त्यावर चालते. उघडे शिसे वितळून त्या छिद्रात साचले तर तिचा श्वास कोंडतो, म्हणून गोळीच्या बुडाला ही वाटी बसवायची. एवढ्या निगुतीने काम करणारा मनुष्य डोके हरवून बसला असेल, हे मला पटत नव्हते.

डब्यात छप्पन्न काडतुसे उरली होती. मी एकेक उचलून बुडावरून बोट फिरवू लागलो.

हा या मंडळींचा नित्याचा आचार आहे. काडतुसाच्या बुडात मध्यभागी एक इवलीशी टोपी असते. तिच्यावर सुई आपटली की ठिणगी पडते. ती टोपी हातातल्या चिमट्याने, अंगठ्याच्या दाबाने बसवतात, आणि ती पुरती आत गेली की नाही हे यंत्राला न विचारता अंगठ्याला विचारतात. मग प्रत्येकीवरून बोटाचे टोक फिरवतात. टोपी केसभर जरी वर राहिली, तरी आपण होऊन भरणाऱ्या रायफलीत तिचे दार इतक्या जोराने आपटते, की कडी लागण्याआधीच काडतूस उडू शकते.

बारावे काडतूस बोटाला खुपले. मग एकोणतिसावे. एकंदर चार निघाली.

म्हणजे कोणी एक काडतूस सरकवले नव्हते. आणि ही चारही मायलोचीच होती: त्याच्या साच्यातील ओरखडा प्रत्येक गोळीच्या अंगावर उमटतो, तो या चारही गोळ्यांवर होता. दमट हवा आत शिरू नये म्हणून टोपीभोवती तो लाल नखरंगाचे कडे ओढतो. व्हर्नाची, त्याच्या दिवंगत पत्नीची, अर्धी भरलेली बाटली तो त्यासाठी वापरीत असे. कोणी मागून टोपी हलवली असती तर ते कडे तडकले असते. चारही कडी अखंड होती. थोडी वेडीवाकडी, पण अखंड.

मायलोने बारा वर्षांच्या नोंदी ठेवलेली वही मात्र फळीवर नव्हती. तिच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"वहीसुद्धा नेली चोराने," तो दारातून म्हणाला.

मी खोलीवर पुन्हा दृष्टी फिरवली. भांड्याशेजारी बशी, तिच्यात पावाचा चुरा आणि हरणाच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा. सर्वत्र करडी, पिठासारखी राख. थंडी शिरू नये म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. दाराजवळ हात धुण्याचे कुंड, आणि त्याच्या काठावर पांढऱ्या साबणाची एक वडी, दुष्काळातल्या जमिनीसारखी तडकलेली.

ते सारे मी पाहिले, आणि हेही सांगितले पाहिजे की त्या दिवशी मला त्यातले काहीच दिसले नाही.

४

त्याच संध्याकाळी मी ड्यूईकडे गेलो. त्याने दार उघडले, पण वाट दिली नाही.

"हातकड्या आणल्यास का?"

"लेफ्स आणलेत. माझ्या बहिणीने केलेत."

बटाट्याच्या त्या मऊ पोळ्यांकडे पाहून तो बाजूला झाला. "ये मग. कैद्याला जेवण द्यायची पद्धत आहेच."

आम्ही लोणी-साखर लावून त्या खाल्ल्या. त्याने ताटलीतली उरलेली साखर बोटाने टिपली. मग एकदम म्हणाला, "त्याला मारायचं असतं ना, तर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीतच मारलं असतं. बर्फात अडकलो होतो दोघं, आणि त्याने माझं सँडविच खाल्लं. स्वतःचं खिशात ठेवून!"

"बुधवारी कशाला गेला होतास?"

"शिसं द्यायला. टायरवाल्याकडून जुनी वजनं मिळाली बादलीभर. शिवाय..." तो थांबला. "शिवाय बुधवारी मी जातोच. न गेलो तर आठवडाभर त्याच्याशी कोण बोलतंय? त्या रेडिओखेरीज आवाज नाही घरात. आणि माझ्याकडे तरी कोण येतं?"

"वही पाहिलीस?"

"समोर होती. मी डोकावलो तर झटकन मिटली, जसं काय प्रेमपत्र आहे. हॉलिस, ती वही कुणी चोरली नाही. त्यानेच लपवलीय. का, ते देव जाणे."

मी उठलो. ड्यूई ताटल्या कुंडात ठेवून हात धुऊ लागला आणि तसाच पाठमोरा म्हणाला, "दुसरं एक लागलं मनाला. शिसं हाताळलं, म्हणून हात धुवायला गेलो त्या खोलीतल्या कुंडाशी. साबणाला हात लावणार, तर ओरडला माझ्यावर. 'त्याला शिवू नकोस, बाहेर नळावर जा!' चाळीस वर्षांत पहिल्यांदा ओरडला. साबणासाठी रे! साबण काय सोन्याचा आहे?"

माझा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. तडकलेली ती वडी माझ्या डोळ्यांपुढे आली. जो साबण कोणी वापरीत नाही तोच तडकतो. मग त्या खोलीत, त्या राखेत, त्या बशीशेजारी, मायलो हात कशाने धूत होता?

५

गुरुवारी मी प्रथम घरात न जाता मागच्या आवारात गेलो. व्हर्नाच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या तिथे ओळीने उभ्या आहेत. ती गेली त्याच हिवाळ्यात माश्याही गेल्या. एरवी मायलो त्या पेट्या उघडीत नाही, आणि दुसरे कोणी उघडील असे त्याच्या मनातही येणार नाही. म्हणून मी उघडल्या. चौथीत वही होती.

ती घेऊन मी त्याच्यासमोर बसलो. तो रागावला नाही. त्याचा चेहरा पकडल्या गेलेल्या मुलासारखा झाला.

"अक्षर बघितलंस?" तो म्हणाला.

अक्षर पाहण्यासारखेच होते. पूर्वीची पाने छापल्यासारखी सुबक. गेल्या वर्षभरातील पानांवर अक्षरे वाऱ्याने उधळल्यासारखी, पेन्सिलीने कागद फाडलेला. पण मी अक्षरे सोडून मजकूर वाचला. तारखा, वारा, हवेची उष्णता, गोळीचे वजन. मी तीन पानांच्या बेरजा ताडून पाहिल्या. एकही चुकली नव्हती.

"जनीनने हे पाहिलं असतं तर म्हणाली असती, गेलं म्हाताऱ्याचं डोकं," तो म्हणाला. "आणि हॉलिस, प्रत्येक टोपीवरून बोट फिरवलं मी. शपथ घेतो. सगळ्या सपाट होत्या."

"तू खोटं बोलत नाहीस. डोळे मीट, हात दे."

मी खिशातून दोन काडतुसे काढली: एक नीट बसलेले, एक टोपी वर राहिलेले. एकेक करून त्याच्या तर्जनीखाली धरले.

"ही सपाट," तो म्हणाला. "हीसुद्धा."

मी काडतुसे बाजूला ठेवली. "आता डोळे मिटलेलेच ठेव."

खिडकीवर वारा आदळत होता. दूर मालगाडीचा भोंगा वाजला आणि विरला. मायलो हात पुढे करून, डोळे मिटून, आज्ञाधारकपणे बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "अरे, सुरू कधी करणार?"

"मायलो," मी म्हणालो, "मघापासून तुझं बोट मी चिमटीत धरून बसलोय."

त्याने डोळे उघडले आणि खाली पाहिले. माझी नखे त्याच्या बोटात रुतली होती. तो त्या दोन हातांकडे, जणू ते परक्यांचे आहेत, असा पाहत राहिला.

"कधीपासून असं आहे?"

"मला काय माहीत?" त्याचा आवाज फुटला. "कळायला कुणीतरी हात धरायला नको का?"

त्याच दुपारी मी त्याला गाडीत घालून साठ मैल दवाखान्यात नेले. बोटाला सुई टोचली तेव्हा तो भिंतीवरचे दिनदर्शिकेतले घोडे पाहत होता.

६

शुक्रवारी स्वयंपाकघरात आम्ही चौघे होतो. ड्यूईला मी ओढून आणले होते. तो दाराशी टोपी न काढता उभा राहिला. जनीन टेबलाशी बसली होती.

"कुणीही बाहेरून काही घातलं नाही," मी म्हणालो. "चारही काडतुसं इथलीच, नखरंगाचं कडं शाबूत. ड्यूई निर्दोष आहे."

ड्यूईने टोपी काढली.

जनीन हळूच म्हणाली, "म्हणजे काकाच विसरले."

"विसरले नाहीत. ही वही वाच. वर्षभरात एक बेरीज चुकलेली नाही. ज्याचं डोकं विझतं त्याचे आकडे आधी जातात. याचं फक्त अक्षर गेलंय. पेन्सिल बोटांना समजत नाही, बटण समजत नाही, किल्ली समजत नाही. फोड कधी आला ते आठवत नाही, कारण भाजल्याचं कळलंच नाही. टोपी पुरती बसली असं अंगठा म्हणाला, सपाट आहे असं बोट म्हणालं. याने विश्वास ठेवला. पन्नास वर्षांत ती बोटं कधी खोटं बोलली नव्हती."

"पण का?"

"शिसं. रक्तात आहे, भरपूर. टाकून दिलेली बॅटरी चाटून शिसं भिनलेल्या गाई मी पाहिल्यात. मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. वितळत्या शिशावरची ती करडी राख हातांवरून पावावर, पावावरून पोटात. डॉक्टर म्हणाले, आता थांबवलं तर काही अंशी परत येईल. किती, ते सांगता येत नाही." मी मायलोकडे वळलो. "पन्नास वर्षं ओततोयस, आणि त्रास मात्र या दोन वर्षांतला. व्हर्ना असताना तू हात धूत होतास. नंतर थांबलास. का, ते तू सांग."

त्याने टेबलावरच्या मेणकापडाची घडी तळव्याने सपाट केली.

"ती खिडकी उघडायची," तो म्हणाला. "आणि हात धुतल्याशिवाय ताट द्यायची नाही. दवाखान्यात गेली त्या सकाळी नवी वडी काढून ठेवली तिने. ओल्या हाताने दाबून बसवली काठावर. अंगठ्याचा खळगा राहिला तिच्या." तो थांबला. "वापरली असती तर झिजला असता."

जनीनने तोंडावर हात ठेवला.

मायलो खुर्ची सरकवून उठला. "असो. माझ्या हातची चूक निघाली. शब्द दिला होता." आणि तो बॅग आणायला माडीच्या जिन्याकडे निघाला.

"काका, बसा!" जनीन ओरडली. मग स्वतःला सावरून म्हणाली, "मी डोक्याला घाबरत होते. हाताला नाही. मात्र ती खोली आजपासून बंद. आणि महिन्याला रक्त तपासायचं. चुकलात एकदा, तर मीच बॅग भरीन."

मायलो पहिल्या पायरीवर उभाच होता. खोली बंद म्हणजे काय बंद, हे त्या घरात त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. त्याने खिशातून किल्ली काढली. ती हातातून निसटून ड्यूईच्या पायाशी पडली.

ड्यूईने ती उचलली. "साचा मी नेतो. गोळ्या मी ओतीन, टोप्या मी बसवीन. तू बुधवारी येऊन वहीत लिहायला सांग, आणि चुका काढ. ते तुला जमतं."

"तुला वंगण नीट भरता येत नाही," मायलो म्हणाला.

"सँडविचचोराने मला शिकवू नये."

मायलोने दोन्ही हात पुढे केले. "ड्यूई, मी सगळ्यांदेखत..."

"केलंस खरं. आधी हात धू, मग बघू."

आम्ही त्याच्या पाठोपाठ मागच्या खोलीत गेलो. जनीनने खिडकीची चिकटपट्टी ओढून काढली. गार वारा आत आला आणि राख जमिनीवरून सरकली. मायलोने नळ सोडला. ती तडकलेली वडी त्याने दोन्ही हातांनी उचलली, जपून, पक्षी उचलावा तशी, आणि पाण्याखाली धरली. दोन वर्षांनी फेस आला.

"पाणी गरम आहे का गार?" त्याने विचारले.

मी पाण्यात हात घातला. "कोमट आहे."

तो हात चोळत राहिला. डोळे त्याने घट्ट मिटून घेतले होते.

"हॉलिस, तू बघ. मला बघवत नाही. खळगा आहे का अजून?"

मी त्याच्या ओल्या हातातील वडीवर माझा अंगठा ठेवला. तो अलगद बसला.

"आहे," मी म्हणालो.